नीचे से एकही गाडी है : कुर्ल्यातल्या मोटारींचे तळ

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या जुन्या पेट्राच्या पुढच्या चाकाजवळून कडकड आवाज यायला लागला. खड्डा आला की आवाज, आणि मुलुंड ते घाटकोपर एवढ्या अंतरात खड्डा येत नाही असं कधी होत नाही. मेकॅनिकने गाडी जॅकवर चढवली, टॉर्च मारली आणि सांगितलं, "लोअर आर्म गेलाय. पार्ट तुम्ही आणा, मी बसवून देतो." ही गाडी बनणं थांबून बरीच वर्षं झाली. त्यामुळे मी कुर्ल्याला, सीएसटी रोडवर गेले. तिथे सुट्या भागांची आणि भंगाराची दुकानं एकाला एक लागून आहेत. दुकानदाराने आतून एक खोकं आणून ठेवलं. त्यावर पॅलिओ लिहिलेलं होतं. मी म्हटलं, माझी गाडी पेट्रा आहे. तो हसला. "सब एकही है, मॅडम. सिएना बोलो, पॅलिओ बोलो, पेट्रा बोलो. नीचे से एकही गाडी है."

तीस वर्षं मी मुलुंडच्या एका कॉलेजात इतिहास शिकवला. औद्योगिक इतिहासाच्या तासाला जे समजावून सांगायला मला अर्धं सत्र लागायचं, ते या माणसाने पाच शब्दांत सांगितलं. शिवाय तो ते कुर्ल्यात बसून सांगत होता, हे विशेष. त्याच्या दुकानापासून रिक्षाने फार लांब नाही अशा ठिकाणी, लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून, ती गाडी जन्माला आली होती. तिच्या आधी तिथे दुसरी, आणि तिच्याही आधी तिसरी. घरी आल्यावर मी जुन्या वह्या आणि कात्रणं काढली. हा लेख त्यांतून झाला.

उपनगरात राहणाऱ्याला प्लॅटफॉर्म म्हटलं की स्टेशन आठवतं. मोटारधंद्यात मात्र प्लॅटफॉर्म म्हणजे गाडीचा तळ. त्यात गाडीचा खालचा पत्रा, इंजिन आणि माणसं यांच्यामधली पोलादी भिंत, चाकं जिथे जोडली जातात ते बिंदू, स्टिअरिंगची मांडणी, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर हे सगळं आलं. यावर जो डगला चढतो, तो बदलता येतो. डिकी काढली की हॅचबॅक होते, डिकी लावली की सेदान, मागे लांब छत ओढलं की स्टेशन वॅगन. गिऱ्हाईक डगला बघून पैसे मोजतं. कारखान्याचा पैसा गुंतलेला असतो तळात.

तो का गुंततो, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमचे अण्णा साकीनाक्याला छोटं वर्कशॉप चालवायचे. दोन पॉवर प्रेस, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि चार माणसं. आम्ही राहायला घाटकोपरच्या भटवाडीत. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायची. अण्णांचा मुख्य माल म्हणजे फियाटच्या बॅटरीच्या ट्रेखाली बसणारं एक ब्रॅकेट. पत्र्याची पट्टी प्रेसखाली सरकवायची, पंच खाली यायचा, धप्प आवाज व्हायचा आणि तुकडा पडायचा. दुसऱ्या डायमध्ये तो वाकवायचा, तिसऱ्यात भोकं पाडायची. तळहाताएवढ्या ब्रॅकेटला तीन डाय लागत. अण्णा म्हणायचे, "पत्रा स्वस्त असतो गं, आकार महाग असतो." एका ब्रॅकेटला तीन, तर अख्ख्या गाडीच्या पत्र्याला किती? शेकडो. त्यातले मोठे डाय कित्येक टनांचे असतात आणि मिलिमीटरच्या अंशानेही चुकून चालत नाहीत. एकदा केलेल्या डायांमधून जितक्या जास्त गाड्या निघतील, तितकी प्रत्येक गाडी स्वस्त पडते. एकाच तळावर चार गाड्या उभ्या करण्यामागचं गणित एवढंच आहे. छोट्या गाडीच्या बाबतीत ते जास्त कठोर असतं, कारण तिच्या किमतीत नफ्याला जागाच कमी.

कुर्ल्यात हे गणित पहिल्यांदा आलं ते अमेरिकेतून. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी, वालचंदनगर हा त्यांचा पसारा मराठी वाचकाला ठाऊक आहे. मोटारीचा कारखाना काढायची कल्पना तिसाव्या दशकातली. सर विश्वेश्वरय्यांनी त्याची योजना तयार केली होती आणि वालचंद तिच्या मागे उभे होते. इंग्रज सरकारने हात पुढे केला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

कोणत्या गाड्या? डॉज, डिसोटो, प्लिमथ. नावं तीन, पण अमेरिकेबाहेर विकायच्या डॉज आणि डिसोटो या बऱ्याचदा प्लिमथचाच देह घेऊन, पुढची जाळी आणि बिल्ला बदलून निघत. क्रायस्लरच्या ट्रकांचंही तसंच. रस्त्यावर डॉज आणि फार्गो अशी दोन घराणी दिसत, बॉनेट उघडलं की एकच. वेगवेगळ्या डीलरांना वेगवेगळं नाव देता यावं, म्हणून ही युक्ती. तेव्हा कुर्ल्याच्या कामगाराला एका तळावर अनेक नावं ही गोष्ट १९५० च्या आधीच माहीत होती. आपण तिला नव्वदीनंतरच्या जागतिकीकरणाचं अपत्य समजतो, ते बरोबर नाही. मात्र ही युक्ती कुर्ल्याची स्वतःची नव्हती. डाय अमेरिकेत होते. इथे खोकी उघडून जोडणी व्हायची.

हे बदललं १९५३ मध्ये. त्या वर्षीच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की, नुसती जोडणी करणाऱ्यांनी इथे राहू नये आणि जे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवतील त्यांनीच गाड्या कराव्यात. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली. प्रीमियर, कलकत्त्याची हिंदुस्थान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड अशा मोजक्या कंपन्या उरल्या. योगायोग असा की, त्याच १९५३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने आपली नवी ११०० मांडली. तिचा कारखान्यातला क्रमांक १०३. आधीच्या ११०० ला खाली स्वतंत्र चासी होती आणि वर पत्रा बसवलेला असे. १०३ मध्ये तळ आणि देह एकच होते, ज्याला मोनोकॉक म्हणतात. गाडी हलकी झाली, आतली जागा वाढली. फियाटची छोटी ५०० 'टोपोलिनो' कुर्ल्यात त्याआधीच येऊन गेली होती. पण कुर्ल्याचं नशीब बांधलं गेलं ते १०३ शी.

मुंबईने तिला लगेच नाव दिलं : डुक्कर फियाट. पुढच्या जाळीचा आकार पाहिला तर नाव कुणी दिलं हे विचारायची गरज पडत नाही. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट आणि साठच्या दशकाच्या मध्यावर ११०० डी, म्हणजे डिलाइट. पुढची दारं आधी उलटी, मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडत, ती पुढे सुलटी झाली. मागचे पंख वाढले, कमी झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाट हे नाव गेलं, गाडी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. इटलीत फियाटने ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबवलं आणि तिच्या जागी पूर्ण वेगळी, पुढच्या चाकांवर चालणारी १२८ आणली. कुर्ल्यात मात्र १०३ चा तळ पुढची तीस वर्षं चालू राहिला. पद्मिनी बंद झाली ती सन २००० च्या आसपास. एकूण सत्तेचाळीसएक वर्षं.

याबद्दल दोन तयार उत्तरं आहेत आणि मला दोन्ही अपुरी वाटतात. एक म्हणजे परवानाराज. उत्पादनाची मर्यादा सरकारने ठरवलेली, बरीच वर्षं किंमतही सरकारने ठरवलेली, परकीय चलन मोजून मिळायचं, मग नवी गाडी काढणार कशी? दुसरं उत्तर, मालक आळशी होते. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत उभं असताना कष्ट कोण घेणार? दोन्हींत तथ्य आहे. पण नवी गाडी का काढली नाही, हा माझा प्रश्न नाही. हातात असलेल्या तळावर दुसरी गाडी का उभी केली नाही, हा आहे. इटलीत त्याच १०३ वर स्टेशन वॅगन निघाली, जोरकस इंजिनाची टीव्ही निघाली, १२०० ग्रानलुचे निघाली, उघड्या छपराची दोन माणसांची गाडीसुद्धा निघाली. सत्तरीपर्यंत पद्मिनीचे जवळजवळ सगळे भाग भारतात होत होते. मग कुर्ल्याला निदान एखादी वॅगन, एखादी मालवाहू व्हॅन मोठ्या संख्येने का सुचली नाही?

माझं उत्तर असं की, तळ वाटून घेण्यात फायदा तेव्हाच असतो, जेव्हा विकणाऱ्याला गिऱ्हाईकाच्या मागे जावं लागतं. हॅचबॅक हवी असलेला आणि डिकी हवी असलेला, हे दोन वेगळे गिऱ्हाईक दुकानात यावे लागतात. कुर्ल्याच्या दारात एकच गिऱ्हाईक होतं, ज्याला गाडी हवी होती, कुठलीही. त्याच्यासाठी दुसरा डगला शिवणं म्हणजे डायांचा खर्च वाढवून विक्री तेवढीच ठेवणं. हिशेबाने पाहिलं तर कंपनी मूर्ख नव्हती. तिने एक तळ अनेक गाड्यांमध्ये पसरवला नाही, अनेक वर्षांमध्ये पसरवला.

आणि इथे एक गंमत झाली. कारखान्यात न झालेली वाटणी बाजारात झाली. तळ बदलत नव्हता, म्हणून जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला, नव्याचा जुन्याला, थोडी कानस मारून का होईना, बसत होता. दहिसरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक गॅरेजवाला डोळे मिटून फियाट खोलू शकायचा. टॅक्सीवाल्याला याचंच आकर्षण होतं. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांहून जास्त पद्मिनी टॅक्स्या होत्या असं सांगतात. अण्णांची अर्धी ब्रॅकेटं एका वेंडरमार्फत कारखान्यात जायची, अर्धी सरळ बाजारात. बाजारातल्या अर्ध्यांवर आमच्या तिघा भावंडांच्या शाळेच्या फिया निघाल्या. ते तीन डाय अण्णांनी बावीस वर्षं वापरले. धार गेली की ग्राइंडरवर घासायचे आणि पुन्हा लावायचे. बावीस वर्षं एकच आकार! कुठल्याही अभियंत्याला हे ऐकून लाज वाटेल, पण साकीनाक्याला, सफेद पूलला, अंधेरी-कुर्ला रोडच्या गल्ल्यांमध्ये अशी कितीतरी वर्कशॉप्स होती आणि त्यांच्या दृष्टीने तो स्थिर आकार म्हणजे पेन्शन होती.

पुढचा भाग मला कुर्ल्याच्या इतिहासातला सगळ्यात विचित्र वाटतो. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि रांगेतला माणूस पहिल्यांदा दुसरीकडे बघू लागला. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली. हिचा देह फियाट १२४ चा, तोही स्पेनच्या सिआट कंपनीकडून आलेल्या डायांवरचा, आणि इंजिन जपानच्या निसानचं, ११७१ सीसीचं. एनईतला एन निसानचाच. १२४ हा तळ जगभर फिरलेला. रशियात व्होल्गाकाठी तोल्याती शहरात त्यावरच झिगुली, म्हणजे बाहेर विकली जाणारी लाडा, लाखांनी निघाली. तुर्कस्तानात मुरात निघाली. म्हणजे कुर्ल्याचा कामगार आणि तोल्यातीचा कामगार काही वर्षं एकाच सांगाड्याच्या वारसांवर वेल्डिंग मारत होते, एकमेकांची गंधवार्ता नसताना.

मग १९९४ च्या सुमारास फ्रेंच प्युजोबरोबर भागीदारी झाली आणि कल्याण-शीळ रस्त्याजवळच्या कारखान्यात प्युजो ३०९ सुरू झाली. १९९६ मध्ये फियाटबरोबर नवी भागीदारी होऊन कुर्ल्यात उनो आली. तिच्यासाठी दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले, आणि ती वेळेवर देता आली नाही. आता मोजा. नव्वदच्या दशकाच्या मध्याला एकाच घराण्याच्या छत्राखाली चार गाड्या होत्या : १९५३ च्या तळावरची पद्मिनी, १२४ च्या तळावरची ११८ एनई, ३०९ आणि उनो. चार तळ. इंजिनं इटालियन, जपानी, फ्रेंच. पद्मिनीत शेवटी इटलीच्या एफएनएमचं डिझेलसुद्धा. या चौघींत सामायिक असं काही असेल तर ते बहुधा टायरमधली हवा. इतकी वर्षं एकाच तळावर बसलेली कंपनी घाबरून उठली आणि चार वेगवेगळ्या तळांवर एकाच वेळी पाय ठेवून उभी राहिली. शिवाय त्यातला एकही तळ तिने स्वतः आखलेला नव्हता. माझ्या मते प्रीमियरची मोटार बुडाली ती इथे. जुनी पद्मिनी दीर्घकाळ चालवल्यामुळे नव्हे.

त्या वर्षांतले संप, टाळेबंद्या, कामगारांची देणी यांच्यावर वेगळा लेख लागेल. डॉ. दत्ता सामंतांचं नाव प्रीमियरच्या कामगारांशीही जोडलेलं होतं, आणि १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांचा खून झाला, तेव्हा घाटकोपर-कुर्ला पट्ट्यात जो सन्नाटा पसरला तो मी अनुभवलेला आहे. दुसऱ्या बाजूला विनोद दोशी हे कंपनीचे अध्यक्ष मराठी रंगभूमीचे आश्रयदाते, ज्यांच्या नावाने पुण्यात नाट्यमहोत्सव भरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही माणसं एकाच चौकटीत बसवता आली पाहिजेत, असं मी वर्गात सांगत असे. मला स्वतःला ते नीट जमलेलं नाही.

थोड्याच काळात कुर्ल्याची सूत्रं फियाटकडे गेली आणि सीएसटी रोडवरच्या दुकानदाराची ती 'एकही गाडी' आली. फियाटचा प्रकल्प क्रमांक १७८. कल्पना अशी की, युरोपातली गाडी गरीब देशांत नेऊन विकायची नाही. गरीब देशांसाठी, खड्ड्यांसाठी, पाच माणसं आणि सामानासाठी वेगळा मजबूत तळ आखायचा आणि तो जगभर अनेक ठिकाणी बनवायचा. सुरुवात १९९६ मध्ये ब्राझीलच्या बेचिंमध्ये पॅलिओने झाली. त्याच तळावर डिकीवाली सिएना, वॅगन, स्ट्राडा नावाचा छोटा पिकअप. अर्जेंटिना, तुर्कस्तान, मोरोक्को, दक्षिण आफ्रिका, चीन आणि कुर्ला अशी ती पसरली. सिएना पुढे थेट उत्तर कोरियात पोचली आणि तिथे ह्विपाराम नावाने जोडली गेली. आपल्याकडे १९९९ मध्ये सिएना आली, २००१ मध्ये पॅलिओ, जिची जाहिरात सचिन तेंडुलकरने केली. मग वॅगन आली आणि २००४ मध्ये सिएनाचीच नवी आवृत्ती पेट्रा. आमची पेट्रा त्यातलीच.

ही गाडी दणकट होती. मी पंधरा वर्षांहून जास्त चालवली आहे, तिच्याबद्दल मला वाईट बोलवत नाही. पण कुर्ल्याच्या दृष्टीने पाहिलं तर १७८ हा तळ उशिरा आला आणि संख्येत कमी पडला. तळ वाटून घेण्याचा फायदा मोठ्या आकड्यांना मिळतो. ब्राझीलमध्ये तो मिळाला. इथे मारुती आणि ह्युंदाई यांनी बाजार धरलेला होता. काही वर्षांत फियाटने टाटांशी हात मिळवला, उत्पादन पुण्याजवळच्या रांजणगावला गेलं आणि कुर्ल्यातल्या मोटारीचा इतिहास संपला. प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलं.

ज्या वर्षांत कुर्ला चार तळांवर लटपटत होता, त्याच वर्षांत पिंपरीत उलट गोष्ट घडत होती. टाटांनी इंडिका स्वतःची म्हणून आखली. रूप इटलीच्या आयडिया संस्थेकडून घेतलं, ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून पुण्याला आणला, पण तळाचं मापन आणि डाय यांचे मालक ते स्वतः होते. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात इंडिका दिसली. २००२ मध्ये त्याच तळावर डिकी लावून इंडिगो झाली, मग मरिना ही वॅगन. इंग्लंडात तीच इंडिका २००३ मध्ये सिटीरोव्हर या नावाने विकली गेली. तिथे ती चालली नाही, तो भाग वेगळा. मालकी आपली असली की तळ ताणता येतो, कापता येतो, कुणाची परवानगी लागत नाही.

कापण्याची वेळही लवकरच आली. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाडीवरचा उत्पादन शुल्काचा दर २४ वरून १६ टक्के केला आणि छोटी गाडी म्हणजे काय हे ठरवून दिलं : लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. झालं. देशभरातले अभियंते डिक्या छाटू लागले. पहिली कात्री टाटांनी लावली. इंडिगोची मागची बाजू कापून २००८ मध्ये ३,९८८ मिलिमीटरची इंडिगो सीएस आली. २०१२ मध्ये मारुतीने डिझायरची शेपटी छाटून तिला ३,९९५ वर आणलं. नाशिकला महिंद्रांनी रेनोच्या तळावर आलेल्या लोगनची आधी व्हेरिटो केली आणि २०१३ मध्ये तिची डिकी कापून व्हेरिटो व्हाइब. चाकणला फोक्सवॅगनच्या पोलो आणि व्हेन्टो, स्कोडाची रॅपिड अशा गाड्या एकाच तळावर होत्याच; त्यात २०१६ मध्ये आमिओची भर पडली, जी फक्त भारतातल्या या कायद्यासाठी जन्माला आली. आज जगात इतरत्र क्वचितच दिसणारी, डिकी असूनही ४ मीटरच्या आत बसणारी ही बुटकी सेदान म्हणजे तळ वाटून घेण्याचं तंत्र आणि दिल्लीची एक मोजपट्टी यांचं लेकरू आहे. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी २८ वरून १८ वर आला, तोही याच मापांना धरून.

आणि आता पद्मिनीची लांबी पाहा. साधारण ३.९३ मीटर. इंजिन १०८९ सीसी. डिकी वेगळी, स्वतंत्र, चांगली दोन ट्रंका मावतील अशी. ज्या मापात बसण्यासाठी २००८ नंतर साऱ्या कंपन्या धडपडल्या, नेमकं त्या मापाचं वाहन कुर्ल्यात आधीच चार-पाच दशकं बनत होतं आणि नियम येण्याच्या पाचएक वर्षं आधी बंद पडलं. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कपाटातून टेप काढून आमच्या सोसायटीत उभ्या असलेल्या एका डॉक्टरांच्या जुन्या पद्मिनीची लांबी मोजली होती. वॉचमनने विचारलं, बाई, काय करताय? खरं उत्तर द्यायला वेळ लागला असता. म्हटलं, काही नाही.

प्रीमियर कंपनी मात्र पूर्ण संपली नव्हती. २००९ मध्ये चिंचवडहून तिने रिओ नावाची छोटी एसयूव्ही बाजारात आणली, ४ मीटरच्या आतली. देह चीनच्या झोत्ये कंपनीचा, आणि झोत्येने तो जपानच्या दाइहात्सू टेरिओसवरून घेतलेला. इंजिन आधी प्युजोचं, नंतर फियाटचं १३०० सीसीचं मल्टिजेट. जुन्या दोन्ही भागीदारांची इंजिनं परत आली, तळ तिसऱ्याच घरचा, तोही दोनदा उसना. रिओ फार चालली नाही. ते मल्टिजेट मात्र रांजणगावात आणि मारुतीच्या कारखान्यात बनून टाटा, मारुती, फियाट अशा सगळ्यांच्या गाड्यांत बसलं. आधी तळ सामायिक झाले, मग इंजिनंही.

अण्णांच्या वर्कशॉपचं काय झालं ते सांगितलं नाही. पद्मिनीचं उत्पादन थांबल्यावर कारखान्याची अर्धी ऑर्डर गेली. बाजारातली अर्धी आणखी दोन-तीन वर्षं पुरली, टॅक्स्या होत्या तोवर पुरेल असं वाटत होतं. माझा धाकटा भाऊ म्हणाला, नव्या गाड्यांचं काम घ्या. अण्णा एका मोठ्या वेंडरकडे जाऊन आले. त्यांनी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर मागितलं, महिन्याला आजवर कधी केला नव्हता एवढा माल मागितला, मोजमापाच्या यंत्राचा दाखला मागितला. परत आल्यावर चहा घेताना अण्णा म्हणाले ते मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं होतं. "पूर्वी चार कंपन्यांच्या चार गाड्या, तर चार ब्रॅकेटं, आणि चार वर्कशॉपं. आता चार गाड्यांना एकच ब्रॅकेट. मग ते एकाच माणसाने केलेलं बरं, आणि तो माणूस मोठाच असणार. त्यांचंही चूक नाही."

मोटारधंद्यावरच्या पुस्तकांमध्ये प्लॅटफॉर्म वाटून घेण्याचे फायदे पानंच्या पानं दिलेले असतात : खर्च कमी, वेळ कमी, सुटे भाग सहज. ते खरे आहेत. मला स्वतःला लोअर आर्म मिळाला तो त्यामुळेच. पण भाग सामायिक झाले की भाग करणारे हात कमी होतात, हे अण्णांचं वाक्य मला त्या पुस्तकांत सापडलं नाही. साकीनाक्याच्या गल्ल्या रिकाम्या व्हायला जागांचे भाव, जकात, वीज अशी दहा कारणं होती. त्यात हे अकरावं धरायला हवं आणि माझ्या मते ते पहिल्या तिघांत बसेल. मोठी गिरणी बंद पडली की मोर्चा निघतो. चार माणसांचं वर्कशॉप बंद होतं तेव्हा शटरला कुलूप लागतं आणि शेजारचा चहावाला उधारी मागायला येतो, एवढंच.

अण्णांनी दोन्ही प्रेस विकले. डाय घ्यायला कुणी तयार नव्हतं, कारण तो आकार आता कुणालाच नको होता. ते किलोवर गेले. काट्यावर ठेवताना अण्णांनी प्रत्येक डाय आधी फडक्याने पुसला. भंगारवाला म्हणाला, "चाचा, तेल का भी वजन लगेगा, रहने दो." अण्णा हसले, पण पुसत राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची होऊन रस्त्यावरून उतरली, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले. ते पाहायला अण्णा नव्हते.

लोअर आर्मचं खोकं मी घरी आणून नीट पाहिलं. एका बाजूला पॅलिओ, सिएना, पेट्रा, ॲडव्हेंचर अशी चार नावं एकाखाली एक छापलेली, आणि तळाशी बारीक अक्षरात चाकणचा पत्ता. मेकॅनिकला बसवायला पाऊण तास लागला. आवाज थांबला आहे.